डेटवर खेळायला जायचंय? नागपूरच्या जोड्यांचे नेहमीचे प्रश्न

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. रविवारी सकाळी शाळा नसते, तेव्हा ओळखीतल्या जोड्यांना सोबत घेऊन मी आणि माझा नवरा काही ना काही खेळायला बाहेर पडतो. लग्न ठरलेले येतात, नुकतं जुळलेले येतात, ज्यांची मुलं बारावीत आहेत असेही येतात. फोनवर सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय.

डेट म्हटलं की कॅफे, सिनेमा, फार तर फुटाळा तलाव. त्यात खेळ कुठून आला?

फुटाळ्यावर बसायला माझी काहीच हरकत नाही, लग्नाआधी आम्हीही तिथेच बसायचो. पण दोन तास समोरासमोर बसून नुसतं बोलायचं म्हणजे लाजाळू माणसाची फार कुचंबणा होते. तो गप्प होतो, आणि जो बोलका असतो तो घरून ठरवून आणलेलंच बोलत राहतो. खेळायला लागलं की हातापायांना काम मिळतं, मग तोंड आपोआप सुटतं. आमच्याकडे एक मुलगा यायचा. बँकेत नोकरी, स्वभावाने सालस, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून दोन वाक्यं बोलायचा नाही. लगोरी रचताना त्याने सोबतच्या मुलीला केवढ्यांदा हाक मारली, "अगं मागे बघ, चेंडू आला!" तिने मला नंतर सांगितलं, तीन भेटी झाल्या होत्या पण याचा आवाज असा आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

मग कोणताही खेळ चालेल का?

चालेल, पण मी एक कसोटी लावते. तो खेळ एकट्याने होता कामा नये. पतंग उडवणाऱ्याला चक्री, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरणारा लागतो. होडीत एकाचं वल्हं डावीकडे पडलं की दुसऱ्याला त्याच ठेक्यात वल्हवावं लागतं. जोडसायकलवर मागे बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतच नाही, पुढच्याच्या भरवशावर पाय मारायचे असतात. असे खेळ निवडा. एकमेकांविरुद्ध खेळायचे खेळ पहिल्या-दुसऱ्या भेटीला मी सुचवत नाही. पळण्यात तर एक पुढे निघून जातो आणि दुसरा त्याची पाठ बघत धापा टाकतो. जिममध्ये शेजारी शेजारी घाम गाळणं मी यात धरतच नाही.

सुरुवात कशाने करू?

हिवाळ्यात विचारलंत तर पतंग. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पतंग दोघांचा खेळ आहे हे लोक विसरलेत.

डिसेंबर लागला की आपल्या इकडे गच्च्या जाग्या होतात. इतवारीत, जुनी शुक्रवारीत पतंगांची दुकानं रंगांनी भरून जातात. माझं सासर महालातलं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवऱ्याने माझ्या हातात चक्री दिली तेव्हा मला वाटलं, यात करायचं काय, नुसतं धरून तर उभं राहायचंय. तसं नसतं. चक्रीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या तळव्यांत अशा धराव्या लागतात की ती मोकळी फिरेल पण हातातून निसटणार नाही. मूठ आवळली की दोरा अडतो आणि वर पेचात असलेल्या पतंगाला ढील मिळत नाही. फार सैल सोडली की दोरा भसाभसा सुटून पायाशी गुंता होतो. उडवणाऱ्याचे डोळे आभाळात असतात, तो वळून बघू शकत नाही, त्यामुळे त्याच्या खांद्यावरून, कोपरावरून ओळखायचं की आता सोडायचं आहे की गुंडाळायचं. त्या दिवशी नवरा ओरडत होता, "ढील दे, ढील!" आणि मी म्हणत होते, "देतेय ना, मी काय धरून ठेवलंय?" खरं तर मी अंगठ्याने धरून ठेवलं होतं, माझं मलाच कळलं नव्हतं. पतंग गेला. शेजारच्या गच्चीवर 'ओ काट'चा गलका उठला. मला वाटलं आता हा चिडणार. त्याने आपल्या बोटावरची चिकटपट्टी उलगडली, माझ्या तर्जनीला गुंडाळली आणि म्हणाला, "आता तू उडव. चक्री मी धरतो."

तुम्हीही तेवढंच करा. दर अर्ध्या तासाला चक्री बदला. पहिल्यांदा जात असाल तर मध्यम आकाराचे पाच-सहा पतंग घ्या, भला मोठा घेऊ नका, तो हात ओढतो. एकाने पतंग वीस-पंचवीस पावलं लांब न्यायचा, वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे उडवणाऱ्याच्या पाठीवर वारा येईल. दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि झुळूक आली की सोडायचा. फेकायचा नाही. सोडणारा आणि ओढणारा यांची वेळ जुळली की पतंग एका दमात वर जातो. जुळली नाही तर पाच फुटांवर गोता मारून नाकावर आपटतो. चार-पाच वेळा आपटू द्या. गच्चीला छातीपर्यंत कठडा नसेल तर मात्र गच्ची सोडा आणि मैदान गाठा, आणि विजेच्या तारेत अडकलेला पतंग तिथेच राहू द्या.

मांजा कोणता घ्यावा?

सुती. नायलॉनचा मांजा कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्यावर देशभर बंदी घातली आहे, आणि तरीही जानेवारीत नागपुरात दुचाकीवरच्या माणसांचे गळे, कान, बोटं कापली जातात. तो तुटत नाही, झाडांत वर्षानुवर्षं लटकून राहतो आणि पाखरं त्यात पंख अडकून मरतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या गळ्यावर टाक्यांची खूण आहे. त्या दिवसांत दुचाकीवर निघाल तेव्हा दोघांनीही गळ्याभोवती मफलर किंवा दुपट्टा घट्ट गुंडाळा आणि वेग कमी ठेवा.

संक्रांतीला सुट्टी मिळाली नाही तर?

जानेवारीतला कोणताही रविवार चालतो. सकाळी लवकर जाऊ नका, हवा थिजलेली असते. ऊन जरा तापलं की वारा उठतो.

पाण्यातलं काही करता येईल का?

येईल. रामटेकजवळचा खिंडसी तलाव नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथे नौकाविहाराची सोय आहे. पण होडी तुम्ही चालवा. मोटरबोटीत बसून फेरी मारणं म्हणजे सहल झाली, खेळ नाही झाला.

दोघांच्या होडीत मागे बसतो तो दिशा सांभाळतो आणि पुढे बसतो तो ठेका देतो. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून मागच्याने पुढच्याच्या वल्ह्याकडे बघून आपलं वल्हं त्याच क्षणी पाण्यात घालायचं. नव्या जोड्या हमखास नागमोडी जातात, कारण दोघांनाही वाटतं की होडी सरळ करण्याची जबाबदारी आपलीच आहे. एकाने उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याने घाबरून डावीकडे, आणि होडी जागच्या जागी गोल फिरायची. सोपा उपाय म्हणजे मोठ्याने मोजणं. "एक, दोन, एक, दोन." मोजणारा पुढे बसलेलाच हवा. माझ्या अनुभवात जी जोडी मोजायला लाजत नाही, ती दहा मिनिटांत सरळ जाते.

लाइफ जॅकेट घालायलाच हवं का? फोटो चांगले येत नाहीत.

हवंच. यावर माझ्याशी वाद घालू नका. 2017 च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटली आणि आपल्या शहरातली तरुण मुलं बुडाली. पोहता येतं, पाणी शांत आहे, काठ जवळ आहे, यातल्या कशानेही जॅकेटची गरज संपत नाही. जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला सांगा की खांद्याला धरून वर ओढ. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. एका ठिकाणी आम्हाला दिलेल्या जॅकेटचं बक्कलच तुटलेलं होतं. चांगलं मागितलं तर माणूस म्हणाला, "मॅडम, काही होत नाही." आम्ही पैसे परत घेतले आणि काठावर बसून डबा खाल्ला. दिवस फुकट गेला असं मला अजिबात वाटलं नाही. उभं राहून सेल्फी नको, ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि पावसाळ्यात भरलेल्या धरणावर खासगी होडीत तर पायच ठेवू नका.

काहीतरी शांत, एकाग्रतेचं?

धनुर्विद्या. आणि नागपूरकरांनी तर ती करून बघायलाच हवी. ओजस देवतळे आपल्या गावचा. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने पंधरा बाण मारले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात, 150 पैकी 150. मला मात्र त्याच वर्षीचा हांगझोच्या आशियाई स्पर्धेतला मिश्र दुहेरीचा सामना जास्त जवळचा वाटतो. ज्योती सुरेखा आणि ओजस, समोर दक्षिण कोरिया. मिश्र प्रकारात दोघांचे मिळून सोळा बाण असतात, म्हणजे पैकीच्या पैकी झाले तर 160. आपल्या जोडीने 159 केले आणि एका गुणाने सुवर्ण घेतलं. एकाचा बाण किंचित हलला तर दुसऱ्याला तेवढंच स्थिर राहावं लागतं.

शिकवणारा प्रशिक्षक असल्याशिवाय धनुष्य हातात घेऊ नका. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी करून सुरुवात करता येईल. जायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघा. दोन्ही हात समोर ताणा, पंजे एकमेकांवर आणून मध्ये लहानशी खिडकी ठेवा आणि त्यातून दूरची एक वस्तू बघा, समजा भिंतीवरचं घड्याळ. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच दिसत राहतं तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो. माझ्या नवऱ्याचा तसा आहे, आणि लग्नाला बारा वर्षं होईपर्यंत हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. धनुष्य कोणत्या हाताने ओढायचं हे प्रशिक्षक यावरून ठरवतात.

मैदानावर एक नियम मोडायचा नाही. सगळ्यांचे बाण मारून होईपर्यंत कोणीही रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मग दोघांनी मिळून बाण आणायला चालत जायचं. डेट म्हणून बघाल तर ते चालणंच मला सगळ्यात आवडतं.

पिकलबॉलचं हल्ली फार ऐकतो. ते काय आहे?

1965 मध्ये अमेरिकेत घरच्या अंगणात सुरू झालेला खेळ. मैदान बॅडमिंटनच्या दुहेरीएवढं, 20 बाय 44 फूट. भोकांचा प्लास्टिकचा चेंडू, लाकडी किंवा फायबरची फळी, डाव सहसा 11 गुणांचा. सर्व्हिस खालून करायची असते आणि जाळीपासून सात फुटांत उभं राहून चेंडू हवेतच मारायला मनाई, त्यामुळे नुसत्या ताकदीवर कोणी जिंकत नाही. एक जण रोज खेळणारा आणि दुसरा बारा वर्षांनी बूट बांधणारा, अशी जोडीसुद्धा पहिल्याच दिवशी मजेत खेळते.

सायकल चालवणं यात अनोखं काय?

जोडसायकल चालवून बघा, मग सांगा. निघताना दोघांचे पाय एकाच वेळी फिरायला हवेत, थांबताना पुढच्याने आधी सांगायला हवं. "खड्डा आला", "ब्रेक लावतोय", "उजवीकडे वळतोय", हे पुढच्याने बोलत राहिलं नाही तर मागच्याच्या पोटात गोळा येतो. आधी मोकळ्या जागेत सराव करा. गर्दीच्या रस्त्यावर जोडसायकल नेऊ नका. आम्ही एकदा भाड्याने घेतली तिची साखळी दोन किलोमीटरमध्ये चार वेळा उतरली, म्हणून आता निघायच्या आधी मागचं चाक उचलून पायडल फिरवून बघतोच.

जोडसायकल मिळाली नाही तर दोन साध्या सायकली. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात सायकलवाटा आहेत, गोरेवाड्याकडचा रस्ता पहाटे सुरेख असतो. आपल्या मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं, त्यामुळे जाताना चालवत जा आणि एक जण दमला तर येताना मेट्रो.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटर, आणि मुदत 12 दिवसांची. नाव एकट्याचं असतं, पण त्या शर्यतीत स्वाराच्या मागे गाडीतून एक पथक रात्रंदिवस चालत असतं. खायला देणारं, झोपेतून उठवणारं, रस्ता सांगणारं. तुमच्यातल्या एकालाच सायकलची ओढ असेल तर दुसऱ्याने पथक व्हावं. स्कूटरवरून पाणी, केळी आणि पंक्चरचं सामान घेऊन मागे राहणं हाही खेळातलाच भाग आहे.

आपले देशी खेळ?

चार जोड्या जमत असतील तर आट्यापाट्या. विदर्भाने हा खेळ अजून जिवंत ठेवलाय याचा मला फार अभिमान आहे. नियमाप्रमाणे संघ नऊ जणांचा असतो, पण मैदानात चुन्याने तीन आडव्या पाट्या आणि मधून एक उभी सूरपाटी आखली तरी चौघांविरुद्ध चौघे झकास खेळता येतं. पाटीवरच्याने अडवायचं, समोरच्याने हुलकावणी देऊन पार व्हायचं. पळण्यापेक्षा इथे फसवण्याला महत्त्व आहे. जोडीतला एक डावीकडे झुकतो, अडवणारा त्याच्याकडे सरकतो आणि दुसरा उजवीकडून निसटतो. हे डोळ्यांनी ठरवावं लागतं, बोललात की समोरच्याला कळतं.

लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरे.

मल्लखांब आवडत असेल तर गुरूशिवाय नको. पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी हा व्यायाम पुन्हा उभा केला असं मानतात. पुरलेला, टांगता आणि दोरीचा, असे त्याचे प्रकार आहेत. पहिल्या दिवशी तुम्हाला सलामी आणि पकड एवढंच येईल, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतील. एखाद्या शनिवारी दोघं मिळून अमरावतीला जा. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं आहे, आणि त्यांच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले होते.

बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत असते म्हणे. खरं आहे?

अगदी खरं. फिनलंडमधल्या सोन्काजार्वी गावात 1992 पासून ही शर्यत होते. अंतर 253.5 मीटर, वाटेत दोन कोरडे अडथळे आणि एक पाण्याचा खड्डा. स्त्रीचं वजन किमान 49 किलो हवं, कमी असेल तर भार लावून भरून काढतात. जिंकणाऱ्याला तिच्या वजनाइतकी बिअर. बहुतेक जण तिला पाठीवर उलटं घेतात, तिचे पाय खांद्यांवरून पुढे आणि हात त्याच्या कमरेभोवती, म्हणजे पळणाऱ्याचे हात मोकळे राहतात.

इथे करायचं असेल तर वाळूवर किंवा दाट हिरवळीवर, वीस पावलं, साधं पाठुंगळीला घेऊन. उलटं अजिबात नको, मान जपा. आणि मग भूमिका बदला. आमच्या एका मैत्रिणीने नवऱ्याला पाठुंगळीला घेऊन तेरा पावलं टाकली तेव्हा मैदानात जो जल्लोष झाला, तो मला अजून ऐकू येतो.

स्त्री-पुरुषांनी एकाच संघात खेळायचा खेळ कोणता?

कॉर्फबॉल. 1902 मध्ये नेदरलँड्समधल्या निको ब्रूखाउसेन या शिक्षकाने तयार केला. एका संघात चार मुली आणि चार मुलगे, साडेतीन मीटर उंचीवर टोपली, हातात चेंडू घेऊन पळायचं नाही, आणि मुलाने मुलाला, मुलीने मुलीलाच अडवायचं. मी शाळेत दोन वर्षं खेळवतेय. मुलगे मुलींकडे चेंडू देत नाहीत ही तक्रार पंधरा दिवसांत बंद झाली, कारण चेंडू दिल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही.

धो धो पाऊस लागला तर?

हात-मेंदू बुद्धिबळ. दोन जोड्या लागतात. जोडीतला एक मेंदू, तो फक्त मोहऱ्याचं नाव घेतो, "घोडा". दुसरा हात, कोणता घोडा आणि कुठे हे तो ठरवतो. याहून जास्त एक शब्दही बोलायचा नाही. दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात घरोघरी पट बाहेर निघालेत, त्याचा हा उपयोग करा.

मे महिन्यात काय करायचं?

सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर घरात. 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 अंशांची नोंद झालेली आहे, आणि 45 तर आपल्याला नवं नाही. प्रेमाच्या भरात कोणी म्हणालं, "मला ऊन लागत नाही," तर ऐकू नका. निघायच्या आधी पाणी, सोबत कैरीचं पन्हं किंवा ओआरएस, डोक्याला ओला दुपट्टा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, किंवा घाम यायचा थांबून अंग तापलं तर खेळ तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी मारा आणि बोलण्यात गोंधळ वाटला तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. पोहण्याच्या तलावाचे दिवस मात्र हेच.

कपडे कसे घालू? भेट आहे म्हणून छान दिसायचं आहे.

छान दिसा, पण बूट पायाला सवयीचे असू द्या. नवे कोरे बूट घालून आलेली मुलगी मी दर महिन्याला अनवाणी परत जाताना बघते. सलवार-कुर्त्यावर सगळं खेळता येतं, ओढणी मात्र आडवी घेऊन गाठ मारा, सायकलच्या चाकात जाते.

मला खेळ येतो, तिला येत नाही. मुद्दाम हरू का?

नको. तिला लगेच कळतं आणि ते लागतं. दोघांनाही न येणारा खेळ निवडा. नाहीच तर तुम्हाला येतो त्या खेळात तिने विचारल्याशिवाय एकही सूचना देऊ नका. "असं नाही, असं धर," हे वाक्य मी मैदानावर सगळ्यात जास्त ऐकते, आणि ते ऐकलेल्या मुलींचे चेहरे मला दिसतात. बोलणाऱ्याला ते दिसत नाहीत, तो चेंडूकडे बघत असतो.

लग्न ठरलंय, पण एकटं सोडत नाहीत. बहीण किंवा भाऊ सोबत येतो.

त्यांनाही खेळायला घ्या. होणाऱ्या नणंदेच्या हातात गुणांची वही द्या, धाकट्या दिराला लगोरीत घ्या. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे घरचे एकमेकांशी कसे वागतात तेही दिसतं.

लोक टक लावून बघतात. कोणी हटकलं तर?

दोन सज्ञान माणसांनी मैदानात एकत्र खेळणं हा गुन्हा नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, शांतपणे उत्तर द्या. कोणी त्रास देतच राहिलं तर 112 लावा. निर्मनुष्य जागा टाळा, पहाटेच्या मैदानावर चालायला आलेले आजी-आजोबा असतात, त्यांच्या आसपास खेळलेलं बरं.

पाय मुरगळला तर?

खेळ बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, बेताची घट्ट पट्टी, पाय उशीवर. चोळू नका, गरम शेक पहिल्या दिवशी नको. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

खर्च किती येतो?

लगोरीला काहीच नाही. पतंगाचा खर्च दोन कॉफींइतका, चक्री घरात असेल तर त्याहून कमी. होडी, पिकलबॉलचं मैदान, धनुर्विद्येचा वर्ग यांचे पैसे तासावर असतात, आधी फोन करून विचारा आणि अर्धे-अर्धे भरा.

खेळून झाल्यावर?

तर्री पोहे. दोघांच्या ताटल्यांत तर्री वेगवेगळी घ्या. तिखट कोणाला किती चालतं हे पहिल्याच भेटीत कळलेलं बरं.

आमची पन्नाशी उलटली. आता हे सगळं कशाला, असं वाटतं.

रक्तदाब, हृदय, गुडघे यांचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. पाठुंगळी आणि आट्यापाट्या सोडा, बाकी बहुतेक सगळं जमतं. आणि तुम्ही विचारलंत म्हणून एक सांगते. मागच्या जानेवारीत आमच्या ओळखीचे एक काका-काकू आले. काकू चौपन्न वर्षांच्या, नऊवारी सोडून नुकत्याच पाचवारीवर आलेल्या आपल्या आईबद्दल बोलत गच्चीचा जिना चढत होत्या. वर आल्यावर नवऱ्याने सवयीने चक्री त्यांच्याकडे दिली आणि काकूंनीही सवयीने हात पुढे केले. मी विचारलं, "काकू, तुम्ही उडवता का?" त्या म्हणाल्या, "भाऊ उडवायचे ना. मी चक्री धरायची. नंतर हे उडवायचे, मग मुलगा." काकांच्या हातात पतंग होता. ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग दोरा काकूंच्या बोटाला लावून दिला आणि चक्री स्वतःकडे घेतली.

दीड तास उभे होते ते चक्री धरून. काकूंचा पतंग दोनदा कटला. तिसऱ्या वेळी पलीकडच्या गच्चीवरचा एक काळा पतंग त्यांच्या दोऱ्यावर आला, काकूंनी ढील दिली, दिली, आणि तो काळा पतंग डुलत डुलत खाली जायला लागला. काकू ओरडायलाच विसरल्या. दोरा धरून नुसत्या वर बघत होत्या. 'ओ काट' काकांनी घातली, एवढ्या मोठ्याने की खालच्या गल्लीतली पोरं वर बघायला लागली.